घरातील भिंत आणि हाताने काढलेले चित्र



चित्र विकत घेऊन घरात लावणे हा श्रीमंतांचा शौक, असा आपला सर्वसाधारण समज आहे. धसईसारख्या गावात तर हा विषयच कुणाला अप्रस्तुत वाटेल. पण इतिहास निराळे सांगतो. आपल्या भागात हाताने काढलेले चित्र आधी कुडाच्या घरात होते. बंगल्यात ते फार उशिरा गेले.

वारली समाज आपल्या तालुक्यांतही आहे. त्याची मुख्य वस्ती डहाणू-तलासरीकडे, म्हणजे २०१४ साली वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात. घरी लग्न निघाले की भिंत सारवून तिला गेरूचा हात द्यायचा, आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बांबूची चावून मऊ केलेली काडी बुडवून सुवासिनींनी ‘चौक’ लिहायचा. हो, ‘लिहायचा’. चौक लिहिला असे म्हणण्याचीच तिकडे रीत. हे चित्र विकत मिळत नसे, आणि कुणी ते जपूनही ठेवत नसे.

पुढे छापखाना आला. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला छापखाना नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. रंगीत तसबिरी स्वस्त झाल्या, मागोमाग कॅलेंडरे आली. गरिबाच्या भिंतीवर चित्र आले ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र हजार घरांत तेच एक चित्र लागले.

१९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी हे चित्रकार कागद घेऊन वारली पाड्यांवर गेले. तेथे गंजाडजवळचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) पुढे आले. बायकांची ही कला त्यांनी लग्नविधीबाहेर आणली आणि शेत, मासेमारी, तारपा नाच कागदावर व कापडावर उतरवले. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. आता वारली आकृती कपबशीवर आणि चादरीवरही दिसतात. २०१४ साली या कलेला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणीही मिळाली. तरीही यंत्रावर छापलेल्या नकलेला आपण दाम मोजतो तेव्हा पाड्यावरच्या चित्रकाराच्या हाती काय पडते? माझ्या मते, काही नाही.

मग अस्सल चित्र ओळखावे कसे? ते उजेडात तिरके धरा. हाताने दिलेला पांढरा रंग किंचित उठून दिसतो, आणि नाचणाऱ्यांच्या रांगेत दोन माणसे तंतोतंत सारखी नसतात. छापील चित्रात भिंगाखाली बहुधा बारीक ठिपके दिसतात. चित्रकाराचे नाव, गाव विचारा, मागे त्याच्याच हाताने लिहून घ्या. छोटे चित्र घेतले तरी चालते.

आपल्यातील कित्येक घरांत सजीवांची चित्रे लावत नाहीत. त्यांनी खत्तातीचा विचार करावा. विजापूरचा इब्राहीम आदिलशाह दुसरा याने सतराव्या शतकाच्या आरंभी खलीलुल्लाह या खत्तातास ‘बादशाह-ए-कलम’ असा किताब दिला. अक्षराची एवढी कदर दख्खनमध्ये होती. आज आपल्या दिवाणखान्यात सोनेरी प्लास्टिकवर छापलेला तुगरा असतो. त्याऐवजी खत्तातास एक ओळ लिहावयास सांगून पाहा. बोरू वळतो तेथे शाई कोठे दाट, कोठे फिकी उतरते. छापील तुगऱ्यात ते नाही.

राहिली गोष्ट लावण्याची. आपल्याकडील पाऊस चित्राचा वैरी आहे. ज्या बाहेरच्या भिंतीवर पावसाचा मारा होतो ती टाळावी, आतली कोरडी भिंत निवडावी. समोरून ऊन येत असेल तर तीही नको, रंग उडतो. काच कागदाला चिकटू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालावी. तसबिरीच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंतीकडून हवा खेळती राहते. शोभेपेक्षा हे महत्त्वाचे. चित्र बसलेल्या माणसाच्या नजरेच्या जरा वर असावे. छताजवळ टांगलेले कोण पाहणार? पावसाळा सरला की एकदा उतरवून मागे कसर लागली आहे का ते पाहावे, आणि कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा लावावे.