गच्चीवरून दिसणारं आपलं शहर



चौविहार पाळणाऱ्या घरातल्या बाईचा एक डोळा कुकरवर आणि एक सूर्यावर असतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्या सासूबाई लग्न होऊन चिंचवडला आल्या तेव्हापासून संध्याकाळी घड्याळ बघत नाहीत. गच्चीत जातात, सूर्य पश्चिमेच्या टेकड्यांकडे उतरायला लागला की खाली येऊन ताट मागतात. गेल्या मार्गशीर्षात मात्र साडेपाचच्या सुमारासच खाली आल्या आणि म्हणाल्या, "सूर्य गेला गं, आता पाणीही नको."

सूर्य गेला नव्हता. चार गल्ल्या पलीकडच्या बावीस मजली इमारतीमागे लपला होता. सूर्यास्ताला अजून वीस-पंचवीस मिनिटं होती. मी मोबाइलवर वेळ दाखवली, पण त्यांचं मन मानेना. त्या रात्री त्या उपाशीच झोपल्या.

इमारती आणि आकाश जिथे भेटतात त्या रेघेला स्कायलाईन म्हणतात. आपल्या शहराची ही रेघ कोणी आणि कशी काढली, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे.

पहिली रेघ देवळांची आणि वाड्यांची. पवनेच्या काठी मोरया गोसावींचं समाधी मंदिर आहे. त्याचं दगडी बांधकाम 1658 च्या सुमारास सुरू झालं. मंदिर ठेंगणं आणि साधं आहे. तरीही ते डोळ्यांत भरायचं, कारण भोवती एकमजली-दुमजली घरं होती, समोर नदीचं पात्र आणि मागे मोकळं आकाश. उंची नव्हे, मोकळी जागा त्याला मोठं करत होती. 1858 मध्ये खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली, तरी ही रेघ फारशी बदलली नाही.

दुसरी रेघ कारखान्यांची. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागलं. 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आलं, शिवाय टेल्को, बजाज आणि शेकडो लहान वर्कशॉप. धुरांडी आणि पाण्याच्या उंच टाक्या या काळात उभ्या राहिल्या. जुन्या शेडची करवतीच्या दात्यांसारखी छपरं आठवतात ना? त्या दात्यांची उभी बाजू काचेची असते आणि ती उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे आत उजेड येतो पण ऊन थेट मशीनवर पडत नाही. ती छपरं कोणी शोभेसाठी बांधली नव्हती, पण एकसारख्या दात्यांची ती ओळ बघायला छान वाटायची. 1970 मध्ये इथे नगरपालिका झाली आणि 1982 मध्ये महानगरपालिका. तोवर बहुतेक वस्ती चाळी, बंगले आणि तीन-चार मजली इमारतींचीच होती.

चाकणला गेलात तर वेगळंच दिसतं. तिथला संग्रामदुर्ग भुईकोट, म्हणजे डोंगरावर नाही, जमिनीवरच. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाइस्तेखानाविरुद्ध सुमारे दोन महिने लढवला. शेवटी खानाच्या माणसांनी खालून सुरुंग लावून बुरूज उडवला. आजचे तिथले मोटारींचे कारखानेही भुईकोटासारखेच आडवे पसरलेत, कारण गाडी जोडण्याची लाइन जमिनीवरून लांबच लांब जाते. म्हणून चाकणच्या बाजूला अजूनही भामचंद्र डोंगर सगळ्यांत उंच दिसतो. तुकाराम महाराज जिथे चिंतनाला बसत, तोच हा डोंगर.

तिसरी रेघ आपल्या डोळ्यांसमोर उभी राहिली. ताथवडे, पुनावळे, रावेत, वाकड इथे टॉवर आले. 2020 च्या डिसेंबरमध्ये राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली, 2022 च्या मार्चमध्ये पिंपरीहून फुगेवाडीपर्यंत मेट्रो धावली. नियमात बसेल तेवढं प्रत्येकजण बांधतो, म्हणून शेजारशेजारच्या इमारती एकाच उंचीच्या आणि एकाच जाडीच्या होतात. लांबून बघितलं तर भिंतच.

माझी भाची कॅनडात व्हँकुव्हरला असते. ती फोटो पाठवते तेव्हा उंच इमारती दिसतातच, पण त्यांच्या मधून बर्फाचे डोंगरही दिसतात. तिथल्या नगरपालिकेने 1989 मध्ये ठरवलं की शहरातल्या ठरावीक जागांवरून डोंगर दिसले पाहिजेत, त्या नजरेच्या वाटेत इमारतीने उंच व्हायचं नाही. माँट्रियलमध्ये तर शहराच्या मधल्या माउंट रॉयल डोंगरमाथ्याच्या वर इमारतीने डोकं काढू नये असा नियम आहे. त्या शहरांचं देखणेपण टॉवरमध्ये कमी आणि मध्ये ठेवलेल्या जागेत जास्त आहे, असं मला वाटतं.

हे आपल्याला नवीन आहे का? पालिताण्याला शत्रुंजय चढून गेलेल्या सगळ्याजणींनी ते पाहिलंय. शेकडो मंदिरं, पण शिखरं लहानमोठी, वर निमुळती होत जाणारी. प्रत्येक शिखराच्या बाजूला आकाश मोकळं राहतं, मागचं शिखरही दिसतं. कुणी कुणाला झाकत नाही.

आता खरी गोष्ट सांगते. आमचीही सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. चार मजल्यांचे सतरा होणार. जास्तीची एक खोली मिळणार म्हणून मीही खूश होते. मग लक्षात आलं की आमच्या पूर्वेला जुनी चाळ आहे, आणि तिथे तीन घरांत चौविहार पाळतात. आमची लांब इमारत पश्चिम अडवून उभी राहिली की त्यांचा सूर्य साडेपाचच्याही आधी जाईल. सासूबाईंसाठी मी त्या बावीस मजल्यांवर चिडले होते, आणि तेच मी दुसऱ्या कुणाच्या सासूबाईंना करणार होते.

पुढच्या बैठकीत मी विचारलं, इमारतीची अरुंद बाजू चाळीकडे करता येईल का? नाहीतर एका लांब इमारतीऐवजी मध्ये फट ठेवून दोन बारीक इमारती? काहीजण हसले. एक काका म्हणाले, "वहिनी, आकाशाचे कोणी पैसे देतं का?" पण आर्किटेक्टने वहीत लिहून घेतलं आणि दुसरा नकाशा करून आणतो म्हणाला. नकाशा अजून आलेला नाही. तो आल्याशिवाय मी सही करणार नाही, हे घरात सांगून टाकलंय.

अपरिग्रह म्हणताना आपण साड्या मोजतो, दागिने मोजतो. आकाशही मोजायला हवं. तुमच्या सोसायटीत नकाशा येईल तेव्हा फक्त स्वयंपाकघर केवढं मिळतंय ते बघू नका. गच्चीत जाऊन आपल्यामागे कोण राहतं तेही बघून या.

सासूबाई आता पंचांगातली वेळ मानायला लागल्या आहेत. तरी संध्याकाळी गच्चीत जातातच.

जय जिनेंद्र.