महालातील वाडे

‘महाल कोठे आहे?’ असे नागपुरात विचारले, तर कोणीही वस्तीकडे बोट दाखवील. महाल म्हणजे राजवाडा, हे त्याच्या ध्यानीही नसेल. राजवाडा गेला, नाव तेवढे वस्तीला चिकटून राहिले. आज आम्हाला त्या नावाचाच माग काढावयाचा आहे.

नगर वसविले गोंड राजा बख्त बुलंद शहाने, १७०२ च्या सुमारास. पुढे रघूजी भोसल्यांनी येथे गादी केली आणि राजवाड्याभोवती मानकऱ्यांचे, कारभाऱ्यांचे वाडे उभे राहिले. ज्यांचे रोजचे काम दरबारात, त्यांना दरबाराजवळ राहणे भागच होते. चिटणवीसपुरा, गाडीखाना ही नावे त्याचीच साक्ष देतात.

नोव्हेंबर १८१७ ची सीताबर्डीची लढाई सर्वांस ठाऊक आहे. परंतु युद्ध तेथे संपले नाही. डिसेंबरात भोसल्यांच्या पदरच्या अरब शिपायांनी जुम्मा दरवाजावरील इंग्रजांचा हल्ला परतविला, आणि बोलणी झाल्यावरच ते शहराबाहेर पडले. तोच आजचा गांधी दरवाजा.

१८५३ साली तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. १८५४ साली डलहौसीने राज्य खालसा केले. १८६४ साली काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाने नटलेला राजवाडा आगीत भस्म झाला. वाचला तो नगारखान्याचा दरवाजा.

महालाचे वैभव आगीने नेले, असे म्हणण्याची रीत आहे. आम्हाला ते पटत नाही. आगीपूर्वी दहा वर्षेच दरबार उठला होता, आणि दरबार उठताच वाड्यांचे प्रयोजन संपले होते. जपानातही १८७१ साली संस्थाने मोडली आणि सामुराईंचे वाडे ओस पडले. पण तेथे मोडणारे सरकार स्वकीय होते, येथे परके. १८६७ साली आगगाडी आली, १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि शहराचा ओढा सीताबर्डीकडे वळला. काही घराणी मालगुजारीवर तगली; १९५१ साली तीही गेली. मग वाटण्या झाल्या, आणि चौकांत भिंती उठल्या.

पडता वाडा सावरणे प्रत्येकाच्या ऐपतीत नसते, हे आम्ही जाणतो. म्हणून आमचे मागणे लहान आहे. वाडा पाडावाच लागला, तर माळ्यावरचे मोडी कागदांचे रुमाल रद्दीत घालू नका. वाडा पुन्हा बांधता येईल. एकदा गेलेला कागद मात्र परत येत नाही.