तांब्या, वांगे आणि आरा

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसलेल्याला, मग तो चंद्रपूरचा असो की गडचिरोलीचा, स्थिरचित्र म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. टेबलावर कापड, त्यावर तांब्या, शेजारी एखादे वांगे नि दोन कांदे. तांब्याच्या तोंडाचे लंबवर्तुळ नीट आले, पडछाया उजेडाच्या उलट बाजूला पडली, की अर्धी लढाई जिंकली.

ही शिस्त इंग्रजी अमदानीतल्या कलाशाळांची. मुंबईचे जे. जे. स्कूल १८५७चे, पण चांदा (आजचे चंद्रपूर) जिल्हा पुढे मध्य प्रांतात गेला, त्याला जवळचे शहर नागपूर. चित्रकार रझा आणि ह. अं. गाडे नागपूरच्याच कलाशाळेत शिकले. रझा तर वनखात्यातल्या नोकरदाराचा मुलगा, मंडला भागातल्या जंगलात वाढलेला. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला, त्यात हे दोघे होते.

आणि होता कृष्णाजी हौळाजी आरा. जन्म १९१४, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. लहानपणीच मुंबईला पळून आला, घरगडी झाला, मोटारी धुतल्या. चित्रकला बहुतेक स्वतःच शिकला. लँगहॅमर आणि फॉन लेडन या नाझींपासून दूर आलेल्या दोघा चित्ररसिकांनी त्याला उचलून धरले. १९४२ला पहिले प्रदर्शन झाले, आणि १९५२ला ‘टू जग्ज’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. दोन जग! विषय म्हणून यात काय आहे?

इंटरमिजिएटचा परीक्षक आराच्या चित्रांपुढे नक्की अडखळेल. टेबल पुढे कललेले, वस्तू आता घरंगळेल अशी; रंग जाड, काही ठिकाणी जलरंगालाही तेलरंगाची जाडी. फ्रेंच चित्रकार सेझानच्या सफरचंदांची आठवण येते. पण तेवढ्यावर थांबले तर आरा हातचा जातो. सेझानला वस्तूचा आकार उलगडायचा होता. आराची भांडी तशी अभ्यासाला मांडलेली वाटत नाहीत; जड, वापरातली, हाताळलेली वाटतात. घरगडी म्हणून दुसऱ्याची भांडी घासलेल्याला भांडे किती जड असते ते परीक्षेच्या टेबलावरून शिकावे लागत नाही. (हा अर्थ चरित्रातून चित्रावर लादलेला आहे, असे कोणी म्हणेल. म्हणो.)

रझा पुढे पॅरिसला गेला, बिंदूच्या चित्रांपाशी पोचला. आरा १९८५ला गेला, मुंबईतच. फुलदाण्या, भांडी आणि फळे शेवटपर्यंत सुटली नव्हती.