अहिपूतना : एका क्षुद्र रोगाचा इतिहास

तान्हें मूल रडूं लागलें म्हणजे त्याचीं कारणें शोधण्याचा क्रम घरोघर ठरलेला असतो. भूक, पोटदुखी, येणारे दांत, लागलेली दृष्ट! या सर्वांचा निरास झाल्यावर शेवटीं कोणी जाणती बाई बाळाचा लंगोट सोडून पाहते, आणि मांड्यांच्या सांध्यांत व बैठकीवर तांबडीलाल झालेली कातडी दृष्टीस पडते. दुखणें क्षुल्लक आहे. आठ-दहा दिवसांत तें बहुधा बरें होतें, आणि म्हणूनच इतिहासकारांनीं त्याची फारशी दखल घेतलेली नाहीं. परंतु या क्षुल्लक दुखण्यावर माणसानें जे उपाय शोधले त्यांपायीं मात्र मुलें दगावलेलीं आहेत, आणि तीं एक-दोन नव्हेत.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांतील तेराव्या अध्यायांत ४४ क्षुद्ररोगांची गणना आहे. तारुण्यपिटिका, पायांच्या भेगा, चाई, अकालीं पिकलेले केस यांच्याच पंक्तींत 'अहिपूतना' या नांवाचा बालकांचा एक रोग येऊन बसला आहे. मलमूत्रानें माखलेली जागा धुतली नाहीं, घामेजलेल्या मुलास स्नान घातलें नाहीं, म्हणजे रक्त व कफ यांच्या दोषानें तेथें कंडू सुटतो. खाजवल्यानें लौकरच फोड येतात, ते पाझरूं लागतात, आणि अखेर सारे एकत्र मिळून एकच घोर व्रण होतो, असें त्याचें वर्णन आहे. हें वर्णन वाचून आजच्या बालरोगतज्ज्ञासही फारशी दुरुस्ती सुचवितां येणार नाहीं.

याहून विशेष ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. याच संहितेंत बालकांना पछाडणारे नऊ ग्रह वर्णिले आहेत, आणि पूतना ही त्यांपैकीं एक आहे. तेव्हां पूतनेचें नांव धारण करणारा हा रोग ग्रहबाधेच्या प्रकरणांत टाकून देणें ग्रंथकारास अगदीं सोपें होतें. त्यानें तसें केलें नाहीं. नांव राक्षसीचें राहिलें, पण दोष मात्र न धुण्याच्या माथीं आला. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत या रोगाचीं आणखी नांवें नोंदलीं आहेत: कोणी यास मातृकादोष म्हणतात, कोणी पृष्टारु, कोणी गुदकुट्ट, आणि कोणी अनामिक. ज्या दुखण्यानें प्रत्येक पाळणा हलला त्यास एवढीं नांवें असावींत, आणि त्यांतील एकाचा अर्थ 'बिननांवाचा' असा असावा, ही गंमतच म्हणावयाची. हे दोन्ही ग्रंथ मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें मोठ्या काळजीनें छापले, डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं सिद्ध केलेली अष्टांगहृदयाची आवृत्ति १८८० सालची आहे.

चिकित्सेकडे वळलें कीं चित्र थोडें बदलतें. प्रथम दाईचें दूध शुद्ध करावें, असें सुश्रुत सांगतो. मग त्रिफळा, बोर व खैर यांच्या काढ्यानें व्रण धुवावा. पडवळाचीं पानें, त्रिफळा व रसांजन घालून सिद्ध केलेलें तूप पोटांत द्यावें. रसांजन म्हणजे दारुहळदीच्या काढ्याचा आटवलेला घन. हीं सर्व द्रव्यें तुरट किंवा कडू आहेत. तुरट पाण्यानें ओली, पाझरती कातडी आकसते व सुकते, हा अनुभव त्यामागें आहे. परंतु पुढें जो लेप सांगितला आहे त्यांत हिराकस, गोरोचन, मोरचूद, हरताळ व रसांजन हीं आंबट द्रवांत वाटून घ्यावयाचीं आहेत. हरताळ म्हणजे सोमल व गंधक यांचा संयोग. सोललेल्या कातडीवर, आणि तीही तान्ह्या मुलाच्या, हा लेप लावणारा वैद्य धाडसी असला पाहिजे! त्याच श्लोकांत बोरीची साल व सैंधव हा साधा पर्याय दिला आहे; बहुसंख्य आयांनीं तोच पत्करला असेल असें मानण्यास हरकत नाहीं. शेवटीं खापराची व मोरचुदाची पूड भुरभुरण्यास सांगितली आहे. बाळाच्या अंगावर औषधी पूड टाकण्याची कल्पना विलायती डब्याबरोबर आली अशी जी समजूत आहे ती अशा रीतीनें निराधार ठरते.

महाराष्ट्रांतील बाळंतिणीच्या खोलींत यांपैकीं फारच थोडें पोंचलें. तेथें राज्य होतें तें जुन्या धोतराच्या व लुगड्याच्या फाडलेल्या मऊ तुकड्यांचें, खोबरेल तेलाचें आणि न्हाऊ घातल्यावर देण्याच्या धुरीचें. मुलाचा बराचसा वेळ लंगोटावांचूनच जाई. ओलें झालेलें दुपटें तत्काळ बदलावयाचें, कारण ओल लपविण्याचें कोणतेंही साधन नव्हतें. खरी कसोटी लागे ती आषाढ-श्रावणांत. वलणीवरचे लंगोट दोन-दोन दिवस वाळत नसत, शेगडीवर धरून कसेबसे शेकले जात, आणि त्या दमट, आंबूस वासाच्या कापडांत गुंडाळलेल्या मुलाचें अंग हमखास चिघळे.

युरोपांतील मुलांचें नशीब याहून खडतर होतें. तेथें तान्ह्या मुलास लांब पट्ट्यांनीं हातापायांसकट आवळून बांधण्याची चाल शतकानुशतकें चालली, आणि ते पट्टे सोडण्याचा व्याप मोठा असल्यामुळें ते वारंवार सोडले जात नसत. विल्यम कॅडोगन या इंग्रज वैद्यानें १७४८ सालीं लंडनच्या अनाथ बालकाश्रमाच्या चालकांस उद्देशून बालसंगोपनावर एक निबंध लिहिला. या आवळण्याच्या चालीवर त्यानें कडक टीका केली, आणि मुलांचे कपडे नित्य बदलावे असा आग्रह धरला. स्वच्छ कपडे मुलाच्या अंगांतील पोषक रस शोषून घेतात, अशी एक समजूत त्या काळीं दायांमध्यें रूढ होती. तिचा समाचारही त्यास घ्यावा लागला. दोन हजार वर्षांच्या अंतरानें आणि निराळ्या भाषेंत, पण मुद्दा सुश्रुताचाच होता.

एकोणिसाव्या शतकांत बालकाच्या खोलींत चूर्णाचा डबा आला, आणि या इतिहासास निराळें वळण लागलें. इंग्लंडांत पिठूळ सत्त्वाचें सुगंधी 'व्हायोलेट' चूर्ण घरोघर वापरीत. १८७८ सालीं एसेक्स परगण्यांतील लाउटन येथें हेंच चूर्ण लावलेलीं मुलें दगावूं लागलीं. तपासणींत त्यांत पांढरा सोमल निघाला. हरताळाचा लेप निदान विचारपूर्वक लावला जात असे. येथें आईनें सुगंधी पीठ समजून विष लावलें होतें.

पॅरिसमध्यें याच सुमारास दुसऱ्याच प्रकारचा अन्याय चालला होता. दीर्घकाळ चिघळलेल्या पुरळांत कधीं कधीं कडा उंच असलेले गोल व्रण होतात. ते जन्मजात उपदंशाच्या व्रणांसारखे दिसतात, आणि तेथील नामांकित वैद्यही त्यांस उपदंशच समजत. मुलाच्या पाठीमागें पारदाची चिकित्सा लागे, आणि आईच्या पाठीमागें बदनामी. जाके या त्वचारोगतज्ज्ञानें हे व्रण उपदंशाचे नसून केवळ ओल व घर्षण यांनीं झालेल्या झिजेचे आहेत, असें दाखवून दिलें. आजही अशा व्रणांना त्याचेंच नांव आहे. बर्लिनच्या ऑस्कर लासारनें याच काळांत जस्तभस्म व पिठूळ सत्त्व समभाग घेऊन तें दुप्पट व्हॅसलिनमध्यें कालवून, थोडें सॅलिसिलिक ॲसिड मिसळून एक जाड लेप तयार केला. त्या मिश्रणांतील जस्त व स्निग्धांश यांवरच पुढील सारीं मलमें उभीं आहेत. कातडी व ओल यांच्यामध्यें भिंत घालणें, एवढेंच त्याचें काम. आणि तें तो चोख करतो.

रोगाचें कारण मात्र आतां प्रयोगशाळेंत शोधलें जाऊं लागलें. अमेरिकेंतील सेंट लुई शहराच्या झाहोर्स्की या बालवैद्यानें १९१५ सालीं अमोनियाचा उग्र दर्प येणाऱ्या लंगोटांविषयीं लिहिलें. त्याच शहरांतील कूक यानें १९२१ सालीं मुलांच्या मळांतून एक जंतु वेगळा काढला, आणि तो मूत्रांतील युरियापासून अमोनिया तयार करतो असें दाखविलें. पहाटे लंगोट सोडतांना डोळ्यांत पाणी आणणारा तो वास सर्वांच्या परिचयाचा होता. म्हणून हें कारण सर्वांस तत्काळ पटलें. जंतु मारावा म्हणजे अमोनिया होणार नाहीं, आणि अमोनिया नाहीं म्हणजे पुरळ नाहीं, ही तर्कपरंपरा मोठी डौलदार होती. मग लंगोट जंतुनाशकांत बुडवून काढण्याची पद्धत पडली. त्यांत पाऱ्याचे क्षारही होते.

या डौलदार तर्काचा हिशेब पुढें पन्नास-साठ वर्षें चुकता होत राहिला. लिस्टरनें प्रचारांत आणलेलें बोरिक ॲसिड निरुपद्रवी समजून बाळाच्या चूर्णांत सर्रास घालीत. साबूत कातडींतून तें फारसें शिरत नाहीं. सोललेल्या कातडींतून भराभर शिरतें, आणि चूर्ण तर सोललेल्या कातडीवरच टाकावयाचें! १९५३ सालीं मॉन्ट्रियलच्या गोल्डब्लूम पिता-पुत्रांनीं जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयांतून या विषबाधेच्या १०९ हकीगती गोळा केल्या. त्यांतील निम्म्याच्या आसपास रोगी मरण पावले होते. १९६७ सालीं, पुन्हा सेंट लुई शहरांतच, एका रुग्णालयाच्या धुलाईखान्यांत पेंटाक्लोरोफिनॉलचा क्षार वापरला गेला. २० नवजात बालकें आजारी पडलीं व दोन गेलीं. अर्जेंटिनांतील ब्यूनॉस आयरेस येथें १९८० नंतरच्या दशकारंभीं लंगोट धुऊन देणाऱ्या एका व्यवसायानें पाऱ्याचें संयुग वापरल्याचें उघडकीस आलें, आणि हजारों मुलांची तपासणी करावी लागली.

सर्वांत भयंकर प्रसंग फ्रान्समधील. १९७२ सालीं 'मॉरॉंज' नांवाच्या बाळचूर्णाच्या एका उत्पादनांत हेक्साक्लोरोफीन हें जंतुनाशक चुकून मिसळलें गेलें. त्याचें प्रमाण शेंकडा सहाहून अधिक होतें. मुलांना ताप, वांत्या व झटके येऊं लागले. आणि बैठकीवर लाल, चिघळलेले चट्टे उठूं लागले. म्हणजे ज्या पुरळावर हें चूर्ण टाकावयाचें तसेंच पुरळ त्या चूर्णानें उठत होतें. आईनें काय करावें? कातडी लाल दिसली कीं डबा उघडावा, हेंच तर तिला शिकविलेलें होतें. २०४ मुलांना बाधा झाली, त्यांतील ३६ मरण पावलीं. घराघरांत पसरलेल्या दुखण्याचा धागा त्या डब्यापर्यंत पोंचेपर्यंत कित्येक आठवडे निघून गेले.

आणि अमोनियाचें काय? १९७७ सालीं अमेरिकेंतील लायडन व त्याच्या सहकाऱ्यांनीं पुरळ असलेल्या व नसलेल्या मुलांच्या लंगोटांची तुलना केली. दोहोंतही अमोनिया व तो करणारे जंतु सारखेच आढळले. १९८६ सालीं बर्ग व बकिंगहॅम यांच्या प्रयोगांनीं खरी मेख दाखविली. मळांत प्रथिनें व चरबी पचविणारे पाचक रस असतात; मूत्रांतून सुटणाऱ्या अमोनियामुळें कातडीची स्वाभाविक आम्लता नाहींशी होते, आणि त्या अवस्थेंत हे रस अधिक जोमानें कातडीच पचवूं लागतात. मळ आणि मूत्र एकत्र राहिल्यानें आग होते, एकेकट्यानें तितकी नाहीं. सुश्रुतानें दोघांचीं नांवें एकाच समासांत घातलीं होतीं, हा योगायोगही असूं शकेल.

त्यानंतरचा इतिहास बहुतेक कापडाचा व कागदाचा आहे. १९६१ साली अमेरिकेंत बाजारांत आलेले वापरून टाकावयाचे लंगोट, आणि १९८० नंतर त्यांत आलेली, पाणी शोषून घट्ट धरून ठेवणारी पूड, यांनीं ओल कातडीपासून दूर नेली. चूर्णाची सद्दी मात्र ओसरत गेली. शंभराहून अधिक वर्षें खपलेलें जॉन्सनचें शंखजिऱ्याचें बाळचूर्ण कंपनीनें २०२३ सालीं जगभर बंद केलें. वारंवार बदलणें, साध्या पाण्यानें धुणें, कांहीं वेळ उघडें ठेवणें आणि जस्ताचा जाड लेप, एवढ्यावर बहुतेक पुरळ बसतें. तीन-चार दिवसांत बसलें नाहीं, घड्यांच्या आंतपर्यंत लाली पोंचली आणि भोंवतीं सुटे लाल ठिपके उठले, तर तें कॅन्डिडा या बुरशीचें काम असतें. तिच्यावरचें निस्टॅटिन हें औषध एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन या न्यूयॉर्क राज्यांतील दोन स्त्रियांनीं १९५० सालीं जाहीर केलें, आणि राज्याच्याच नांवावरून त्याचें बारसें केलें.

तरीही कांहीं थोडीं मुलें अशीं उरत कीं ज्यांना कशानेंच गुण येत नसे. बैठकीबरोबर तोंडाभोंवतीं व हातापायांवरही चट्टे उठत, केस झडत, जुलाब थांबत नसत, आणि मूल झिजून मरे. नॉर्वेंतील डानबोल्ट व क्लॉस यांनीं १९४२ सालीं हा स्वतंत्र रोग म्हणून वर्णिला. आईचें दूध चालू असेपर्यंत मूल बरें असतें आणि दूध तुटलें कीं ढासळतें, हें लक्षांत आलें होतें, पण कारण कळत नव्हतें. सुश्रुतानें दुधापासून आरंभ केला म्हणून त्यास हें ठाऊक होतें असें म्हणणें पोरकटपणाचें होईल. त्याचा रोखच निराळा होता. कारण सांपडलें १९७३-७४ च्या सुमारास, लंडनमध्यें. मॉयनाहन या त्वचारोगतज्ज्ञास असें आढळलें कीं या मुलांचें आंतडें अन्नांतील जस्त शोषून घेऊं शकत नाहीं. आईच्या दुधांतील जस्त मात्र त्यांस बऱ्यापैकीं मिळतें. लासारच्या काळापासून जें द्रव्य या कातडीवर बाहेरून थापलें जात होतें, तेंच त्या मुलांना तोंडानें दिलें गेलें. थोड्याच दिवसांत जुलाब थांबले, चट्टे सुकूं लागले, आणि पुढें केसही उगवले.