घोड्यामागे एक पौंड

इंग्रज माणूस शिस्तीचा, म्हणून त्याची गाडी छोटी आणि चालवणं सभ्य. अमेरिकन ऐसपैस, म्हणून त्याची गाडी बोटीएवढी आणि चालवणं बिनधास्त. आमच्याकडच्या लग्नाकार्यात परदेशाचा विषय निघाला की हे ऐकायला मिळतंच. मी आधी अमेरिकेत आणि मग इंग्लंडात काही वर्षं गाडी चालवली असल्यामुळे मी मान डोलवावी अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मला मात्र हे स्वभावाचं गणित कधी पटलं नाही. स्वभाव राहू दे, आधी कराची पावती बघा.

१९२१ पासून ब्रिटनमध्ये मोटारीवर दर हॉर्सपॉवरमागे वर्षाला एक पौंड कर होता. आता हे घोडे मोजायचे कसे? इंजिनाची खरी ताकद कुणी मोजतच नसे. सिलिंडरचा व्यास इंचांत घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सिलिंडरच्या संख्येने गुणायचं आणि अडीचने भागायचं. झाले घोडे! पिस्टन वर-खाली किती अंतर जातो, ते या सूत्रात नाहीच. म्हणजे सिलिंडर अरुंद करून उंच केला की ताकद फारशी न गमावता कर वाचतो. कारखानदार कुठल्याही देशाचा असो, त्याला हे कळायला वेळ लागत नाही. पुढची पंचवीसेक वर्षं ब्रिटिश इंजिनं अशी उंच आणि किडकिडीत होत राहिली.

यात मार बसला तो फोर्डच्या मॉडेल टीला. ती १९११ पासून मँचेस्टरला तयार होत होती. व्यास पावणेचार इंच, सिलिंडर चार. हिशेब करून बघा, साडेबावीस घोडे येतात. गंमत म्हणजे तिची खरी ताकद वीसच्या आसपास होती. कागदावरचे घोडे खऱ्यापेक्षा जास्त! म्हणजे वर्षाला तेवीस पौंड. आणि १९२२ साली आलेल्या चिमुकल्या ऑस्टिन सेव्हनला? सात-आठ पौंड. शिक्षकाने किंवा कारकुनाने काय घ्यावं, ते सांगायला ज्योतिषी नको.

(जाता जाता: आपण जिला स्टेपनी म्हणतो, ते जादा चाक १९०४ साली वेल्समधल्या लॅनेली गावात, स्टेपनी स्ट्रीटवर जन्मलं. अमेरिकेत मी हा शब्द एका मेकॅनिकपुढे टाकला, तर तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला.)

अमेरिकेत असला कर नव्हता, तेल घरचं होतं आणि दोन गावांमधलं अंतर आपल्या दोन जिल्ह्यांएवढं. फरक कुठवर गेला ते बघायचं तर १९५९ साल घ्यावं. त्या वर्षीची कॅडिलॅक पावणेएकोणीस फूट लांब आणि मागे माशासारखे उंच पंख. इकडे सुएझच्या पेचामुळे १९५६-५७ मध्ये पेट्रोलचं रेशनिंग झालं होतं. त्या धसक्यातून ॲलेक इसिगोनिसने इंजिन आडवं बसवून दहा फुटांत चार माणसं मावतील अशी मिनी बनवली. तीही १९५९ चीच.

आता चालवण्याकडे येऊ. ब्रिटनमध्ये १९३५ पासून ड्रायव्हिंगची परीक्षा सक्तीची आहे. साउथ डकोटात १९५४ पर्यंत लायसन्ससुद्धा लागत नसे. आजही ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर गिअरची गाडी चालवता येत नाही. अमेरिकन लायसन्सवर तिथे राहायला आलेल्याला एक वर्षाची मुभा मिळते, मग पुन्हा शिकाऊ. मीही झालो. अमेरिकेत माझी परीक्षा पंधरा मिनिटांत आटोपली होती. इथे परीक्षक चाळीस मिनिटं शेजारी बसून मी आरशात किती वेळा बघतो ते मोजत होता.

आणि ते राउंडअबाउट, ज्याचं आपल्या लोकांना फार कौतुक! तिथल्या सभ्यतेचं वय फार नाही. १९६६ पर्यंत चक्रात आधी कोण हा नियमच नव्हता, त्यामुळे गर्दीच्या वेळी सगळे एकमेकांत अडकून बसायचे. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या असा नियम आला आणि गाठ सुटली. इंग्रज माणूस तोच होता.

त्याच १९६६ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर जवळजवळ आठ हजार माणसं मेली, अमेरिकेत सुमारे एक्कावन्न हजार. लोकसंख्येच्या मानाने अमेरिकेत सुमारे पावणेदोनपट. मग बार्बरा कॅसल या मंत्रीणबाईंनी १९६७ मध्ये दारू तपासायची नळी आणली आणि ताशी सत्तर मैलांची मर्यादा कायम केली. लोक चिडले, कारण बाईंना स्वतःला गाडी येत नव्हती! १९८३ मध्ये पुढच्या सीटवर पट्टा सक्तीचा झाला. आता ब्रिटनमध्ये वर्षाला सोळा-सतराशे माणसं जातात आणि अमेरिकेत चाळीस हजारांच्या आसपास. लोकसंख्येच्या मानाने पाचपट. अमेरिकन माणूस जास्त मैल कापतो हे धरलं, तरी दर मैलामागे अडीचपट. पावणेदोनपट फरक पाचपट झाला तो माझ्या डोळ्यांदेखत. पन्नास-साठ वर्षांत राष्ट्राचा स्वभाव एवढा बदलत नाही.

अमेरिकेनेही नियम केले, नाही असं नाही. १९७५ च्या कायद्याने गाड्यांनी एका गॅलनमध्ये किती मैल जायला हवं ते ठरवलं. मात्र हलक्या ट्रकना सवलत ठेवली. शेतकऱ्यांची, सुतार-गवंड्यांची सोय म्हणून. मग काय, एसयूव्ही कागदावर ट्रक झाल्या, आणि बघता बघता शाळेत पोरं सोडणारे आईबापही ट्रक चालवू लागले. सिलिंडरचा व्यास मोजणाऱ्या ब्रिटिश बाबूचा हा अमेरिकन भाऊच म्हणायचा. फरक इतकाच की त्याच्या सूत्राने गाड्या रोडावल्या आणि याच्या सवलतीने फुगल्या. उंच, चौकोनी नाकाची गाडी माणसाला धडकते ती पायांना नव्हे, छातीला.

हल्ली त्या इथेही दिसू लागल्या आहेत. ब्रिटनमध्ये पार्किंगची आखलेली जागा साधारण ४.८ मीटर लांब असते. फोर्डची लहानात लहान एफ-१५० तिच्यात लावली, तरी दीड फूट बाहेर राहते.