लिनक्सवरील बंदिस्त ग्राफिक्स ड्रायव्हर : सोय आणि परावलंबन

ग्राफिक्स कार्ड आणि कार्यप्रणाली यांच्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. लिनक्ससारख्या मुक्तस्रोत कार्यप्रणालीत बहुतेक आज्ञावल्यांचा सोर्स कोड कोणालाही वाचता व सुधारता येतो. ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत मात्र हा नियम दीर्घकाळ मोडला गेला. विशेषतः एनव्हिडिया या अमेरिकी कंपनीने कोड गुप्त ठेवून केवळ तयार ड्रायव्हर देण्याचे धोरण स्वीकारले. या ड्रायव्हरचा वेग उत्तम असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. खेळ आणि त्रिमितीय आरेखनासाठी अनेक जण तो आनंदाने वापरतात. त्याची किंमत पुढे कळते.

लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. त्याची अंतर्गत रचना हवी तेव्हा बदलण्याचे स्वातंत्र्य विकासकांनी जाणीवपूर्वक राखले आहे. कर्नलमध्ये समाविष्ट ड्रायव्हर अशा बदलासोबतच दुरुस्त होतात. बाहेरच्या बंदिस्त ड्रायव्हरला कर्नलशी जोडणारा थर मात्र प्रत्येक आवृत्तीसाठी नव्याने बांधावा लागतो. ही बांधणी फसली, की अपडेटनंतर संगणक काळ्या पडद्यानिशी सुरू होतो. नवखा वापरकर्ता त्याचा दोष साहजिकच लिनक्सला देतो.

बिघाडाचे निदान करणेही अवघड होते. बंदिस्त मोड्यूल दाखल होताच कर्नल स्वतःवर ‘टेन्टेड’, म्हणजे दूषित, अशी खूण करतो. अशा संगणकावरील तक्रारींकडे कर्नलचे विकासक सहसा लक्ष देत नाहीत. जो कोड दिसतच नाही, त्यातील चूक ते शोधणार कशी? सुरक्षेचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. २००६ मध्ये एनव्हिडियाच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये संगणकाचा संपूर्ण ताबा मिळवू देणारी त्रुटी उघड झाली. तिची दुरुस्ती कंपनीवाचून अन्य कोणास करता येणे शक्य नव्हते.

सर्वाधिक झळ बसते ती जुन्या यंत्रांना. एएमडीने २०१२ मध्ये रेडिऑन एचडी ४००० मालिकेची कार्डे आपल्या बंदिस्त ड्रायव्हरच्या मुख्य शाखेतून वगळली. ही मालिका बाजारात आली होती २००८ मध्ये! सुदैवाने एएमडीने २००७ पासून कार्डांची तांत्रिक माहिती खुली करण्यास प्रारंभ केला होता. त्यामुळे मुक्त ड्रायव्हरच्या आधारे ही कार्डे पुढेही चालत राहिली.

एनव्हिडियाच्या ग्राहकांना असा आधार अपुराच मिळाला. स्वयंसेवकांनी कार्डांच्या वर्तनावरून उलगडा करीत ‘नूव्हो’ हा मुक्त ड्रायव्हर घडवला व २०१० मध्ये तो कर्नलमध्ये समाविष्टही झाला. परंतु २०१४ मधील जीटीएक्स ९०० मालिकेपासून कार्डाची गती वाढविण्यासाठी कंपनीची स्वाक्षरी असलेले फर्मवेअर आवश्यक ठरले. ते न मिळाल्याने नूव्होवर या मालिकेची कार्डे मंदगतीनेच चालतात. लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडमधील एका कार्यक्रमात एनव्हिडियाचा जाहीर उद्धार केला होता, तोही मधले बोट दाखवून. रीत असभ्य होती, तक्रार खोटी नव्हती.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने ड्रायव्हरच्या कर्नलमधील भागाचा कोड खुला केला. मात्र ओपनजीएल, व्हल्कन आणि कुडा हाताळणारा भाग बंदच राहिला आणि बरेचसे काम कार्डावरील बंदिस्त फर्मवेअरकडे गेले. शिवाय हा खुला भाग २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांनाच चालतो.

त्याआधीच्या पास्कल पिढीची, म्हणजे २०१६ च्या जीटीएक्स १०८० सारखी कार्डे यामुळे कात्रीत सापडली आहेत. त्यांना सामावून घेणारी ५८० ही अखेरची ड्रायव्हर मालिका असल्याचे कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले. खुले मोड्यूल त्यांना चालत नाही आणि नूव्होवर पूर्ण गती मिळत नाही. कार्ड सुस्थितीत असले, तरी भविष्यातील कर्नलवर ते पूर्वीच्या वेगाने चालेल याची हमी त्याच्या मालकाकडे उरलेली नाही.