इंग्लंड-वेल्सच्या न्यायव्यवस्थेचे डिजिटल रूपांतर

इंग्लंड व वेल्समधील न्यायालये आणि न्यायाधिकरणे यांचे कामकाज कागदाकडून संगणकाकडे नेण्याचा कार्यक्रम सप्टेंबर २०१६मध्ये लॉर्ड चॅन्सेलर, लॉर्ड चीफ जस्टिस आणि न्यायाधिकरणांचे वरिष्ठ अध्यक्ष यांच्या संयुक्त निवेदनाने जाहीर झाला. खर्च एक अब्ज पौंडांहून अधिक होता. मुदत वारंवार वाढवावी लागली आणि कार्यक्रम मार्च २०२५मध्ये संपला. स्कॉटलंडची न्यायालये स्वतंत्र असल्याने या कक्षेत येत नाहीत.

नागरी सेवा : मार्च २०१८मध्ये १०,००० पौंडांपर्यंतच्या रकमेच्या दाव्यांसाठी ऑनलाइन सेवा खुली झाली. मृत्युपत्राचे प्रोबेट आणि घटस्फोट यांचे अर्जही ऑनलाइन होतात. ६ एप्रिल २०२२पासून पती-पत्नींना दोषारोपाविना संयुक्त अर्ज करता येतो.

फौजदारी न्यायालये : पोलीस, अभियोक्ते व न्यायालये यांना जोडणारी ‘कॉमन प्लॅटफॉर्म’ प्रणाली सर्वाधिक वादग्रस्त ठरली. तिच्यातील तांत्रिक दोषांमुळे कामाचा ताण वाढल्याची तक्रार करीत २०२२मध्ये कर्मचाऱ्यांनी संप केला.

मर्यादा : २०१०नंतरच्या दशकात सुमारे निम्मी मॅजिस्ट्रेट न्यायालये बंद झाली. त्यामुळे संगणक न वापरणाऱ्यांसाठी कागदी अर्जाचा पर्याय महत्त्वाचा ठरतो. शिवाय दावा ऑनलाइन दाखल झाला, तरी त्याची सूचना प्रतिवादीच्या पत्त्यावर टपालाने येते. मुदतीत उत्तर न गेल्यास सुनावणीविना निकाल लागू शकतो. नोकरीनिमित्त घर बदलणाऱ्यांनी म्हणूनच जुन्या पत्त्यावरील टपालाची व्यवस्था करणे हिताचे ठरते.